काटा खरा की गिअरबॉक्स?

मंडळी, डॅशबोर्डवर एक काटा जास्त असला की आपल्याला वाटतं, चला, आपण जरा जास्त सेफ! मलाही असंच वाटलं होतं. सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली, रोजचं हिंजवडीचं ट्रॅफिक, आणि ऑफिसातल्या एका गाडीवेड्याची भुणभुण, 'अगं, ऑटोमॅटिकचं दुखणं म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल तापणं. तुझ्या गाडीत त्याचा मीटरच नाही. बाहेरून बसवून घे!'

त्याचं चुकत नव्हतं. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकमध्ये हे ऑइल साधारण 80 ते 95 अंशांत सुखात असतं. सतत 120 च्या वर राहिलं तर ते लवकर खराब होतं आणि आतल्या क्लच प्लेट्सची वाट लागते. म्हणून ॲक्सेसरीजच्या दुकानातून मीटर बसवून घेतला. स्टिअरिंगशेजारी मस्त निळा उजेड. फोटोबिटो काढले!

पहिला मोठा वीकेंड म्हणजे आई-बाबांच्या लग्नाचा 35 वा वाढदिवस. पाचगणीला हॉटेल बुक. खंबाटकी घाट उन्हात चढलो, काटा 70 वर गप्प. वाई सोडली, पसरणी घाट लागला, अंधारायला लागलं म्हणून हेडलाइट लावले... आणि काटा थेट 130 वर! माझ्या पोटात गोळा. गाडी कडेला. बाबा शांतपणे म्हणाले, 'लाइट लावल्यावरच वर गेला गं काटा.' मी म्हटलं, 'बाबा, प्लीज! इथे गिअरबॉक्स जळतोय!' आयुष्यभर वीज मंडळात नोकरी केलेला माणूस गप्प बसला.

गाडी टोइंगवर, आम्ही वाईच्या लॉजवर, हॉटेलचे पैसे बुडाले. ॲनिव्हर्सरी डिनर म्हणजे मिसळ. सोमवारी गॅरेजवाल्याने मान हलवली, 'गिअरबॉक्स खोलावा लागेल. 90 हजार धरा.' मी पर्सनल लोनचा ईएमआय काढायला घेतला!

नशीब माझं, सही करण्याआधी एका मैत्रिणीने नाना पेठेतल्या वायरमनकडे पाठवलं. काकांनी बॉनेटही उघडलं नाही. पहिला प्रश्न, 'ताई, लाइट लावल्यावर होतं का हे?'

मी गार.

गाडी रात्रभर उभी, ऑइल थंडगार. काकांनी नुसती चावी फिरवली, काटा तळाला. हेडलाइट लावला, काटा टुणकन वर. बंद केला, खाली. 'ऑइल एका सेकंदात तापतं का हो? पातेल्यातलं तेल तरी तापतं का? उडी मारतो तो करंट. तापमान चढतं.'

झालं असं होतं, की दुकानदाराने मीटरची अर्थिंगची वायर आणि त्याच्या दिव्याची वायर एकाच स्क्रूला बांधली होती, तीही रंग लावलेल्या पट्टीवर. दिवा लागला की त्याचा करंट त्याच कच्च्या अर्थिंगमधून परतीची वाट शोधायचा आणि काटा बहकायचा. काकांनी बॉडीवरचा रंग खरवडला, वायरला लग लावून पक्की कसली. हेडलाइट लावला, काटा ढिम्म!

मग सेन्सरची वायर काढली, काटा तळाला गेला. तीच वायर बॉडीला टेकवली, काटा पार टोकाला. म्हणजे मीटर ठीक, वायर ठीक. मी पर्स उघडली, तर काका म्हणाले, 'थांबा, अजून आहे.'

आमचा सेन्सर एका वायरचा. त्याचं अर्थिंग त्याच्या आट्यांमधूनच होतं. आणि दुकानदाराने गळती नको म्हणून आट्यांवर टेफलॉन टेपचे थरच्या थर गुंडाळले होते! सेन्सरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यात मल्टिमीटरवर जवळजवळ शून्य ओहम यायला हवे, आले 38. हा सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. त्यात हे 38 ओहम मिसळले की मीटरला वाटतं, ऑइल गारच आहे. म्हणजे दिवसा जे 70 बघून मी निवांत होते, तेही खोटंच! रात्री उगाच घाबरवणारा हाच मीटर दिवसा पाठ थोपटत होता. आणि त्या थापेवर मी कधीच शंका घेतली नव्हती.

टेप काढून बेताचं सीलंट लावलं. बिल 350 रुपये.

ऑफिसात अलर्ट आला की आपण आधी बघतो, अलर्ट खरा आहे का. पण रिपोर्टमध्ये सगळं हिरवं दिसलं की कोण तपासतो? मी तर नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा तोच घाट, पुन्हा अंधार, शेजारी बाबा. हेडलाइट लावले. काटा 92 वरून हळूहळू 104 पर्यंत चढला, पाचगणीच्या सपाटीवर हळूहळू उतरला. बाबा काटा बघत होते, मी बाबांना.

'सॉरी बाबा.'

'समोर बघून चालव,' ते म्हणाले. आणि हसले!

ता. क. : सेन्सर तपासायचा असेल तर काढून उकळत्या पाण्यात धरा, बॉडीला अर्थिंगची वायर जोडून. मुंबईत काटा 100 ला यायला हवा. पुण्यात 98 च्या आसपास. उंचीमुळे इथे पाणीसुद्धा जरा आधीच उकळतं. पुणेकरांनी यावर माझ्याशी वाद घालू नये!