बेटांचा सातबारा

होडीची सहल म्हटली की मराठी मनापुढे कोकण उभे राहते. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग, राजपुरीहून जंजिरा. खारा वारा, आणि परतल्यावर पानात तळलेला मासा. आमच्या बावड्याला हे भाग्य नाही. कालव्याचे पाणी आणि त्यावर डोलणारा ऊस, एवढेच आमचे वैभव. पण इंदापूर ओलांडून पुण्याच्या रस्त्याला लागावे, तो उजव्या अंगाला पाणी दिसू लागते ते थेट क्षितिजाला टेकलेले. त्या पाण्यात बेटेही आहेत. फरक इतकाच, की कोकणातली बेटे देवाने दिली आणि आमची पाटबंधारे खात्याने!

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी त्याच्या पोटात मावते, पैकी ६३ टीएमसीच्या आसपास मृत साठा. तेवढेच उरले की धरण शून्यावर आले असे समजतात, आणि त्याखाली गेले की 'मायनसमध्ये गेले' म्हणतात. रिकाम्याहूनही रिकामे! आम्हां भाषेच्या माणसांना हे पचायला जड. पण पाणी उणे झाले की बेटे अधिक होतात, एवढे गणित मलाही समजते.

फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही चौघे पळसदेवला गेलो. एक डॉक्टर, एक बँकेतले, एक आमच्या कॉलेजातले इतिहासवाले आणि मी. मासेमारीची होडी ठरवली. होडीवाला साठीचा, चिलापी धरून पोट भरणारा. त्याने आधी प्रत्येकाच्या हाती एकेक नारिंगी जाकीट दिले. बँकवाल्यांनी आपले घडी करून बुडाखाली घेतले. फळी टोचत होती, असे त्यांचे म्हणणे.

पहिले बेट म्हणजे एक मुरमाड टेकाड. काठाला पाणकावळे पंख पसरून वाळत बसलेले. आम्ही उतरलो, थर्मास उघडला, चिवडा काढला. इतिहासवाल्यांना स्फुरण चढले. बेटाला आपल्या मंडळाचे नाव द्यावे, असा ठराव त्यांनी मांडला. होडीवाला हसला.

"नाव हाय की त्याला, सर. आमची वरची पट्टी. हितं जवारी यायची."

ठराव तिथेच बारगळला. सातबारा असलेल्या बेटावर चिवडा खाताना उगाच कुणाच्या तरी उंबऱ्यात बसल्यासारखे वाटू लागले.

पुढे एके ठिकाणी त्याने मोटर बंद केली. होडी नुसती डुलत राहिली. "खाली पळसनाथाचं देऊळ," तो म्हणाला. जुने पळसदेव या पाण्यात गेले आणि गाव वर येऊन वसले. पाणी फार आटले की देऊळ उघडे पडते. मग मोटारी भरभरून माणसे पाहायला येतात. तेव्हा तोही येतो का, असे डॉक्टरांनी विचारले. "येतो की. पण आधी आमचा ओटा शोधतो, मग देव." बारा-तेरा वर्षांचा असताना त्याने गाव सोडले होते. आम्ही चौघेही खाली वाकून पाहत होतो. गढूळ हिरव्या पाण्याखेरीज काही दिसले नाही.

तीन वाजले. आता पलीकडे कुगावला जाऊन यावे, अशी टूम निघाली. होडीवाल्याने पश्चिमेकडे पाहिले आणि मान हलवली. आभाळात एक काळसर पट्टा होता, इतकेच, पाणी आरशासारखे. बँकवाल्यांनी दुप्पट भाडे देऊ केले.

"कळाशीची होडी आठवती का, सायेब?"

आठवत होती. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. ती माणसे सहलीला निघालेली नव्हती. दोन्ही काठांवर सोयरीक आहे, बाजार आहे, आणि रस्त्याने जायचे तर मोठा वळसा. आम्हांला जी मौज, ती त्यांची एस.टी.

बँकवाल्यांनी मुकाट्याने बुडाखालचे जाकीट काढून अंगात घातले. बंद लावायला डॉक्टरांनी मदत केली.

काठाला आलो. अर्धा तास झाला, तासही झाला. वारा काही सुटला नाही. काळा पट्टा कुठल्या कुठे विरून गेला. बँकवाले घड्याळाकडे पाहत म्हणाले, "बघा, झाली असती फेरी!"

"न्हाई आलं ते बरंच झालं की," म्हणत होडीवाल्याने ठरलेले भाडे मोजून घेतले, आणि तो जाळे उलगडू लागला.