जुना लॅपटॉप टाकण्याआधी



"जागा संपली" एवढ्या एका कारणासाठी चालता लॅपटॉप भंगारात द्यावा, हे मला पटत नाही. आमच्या संगमनेरच्या पाठशाळेत सध्या नवे लॅपटॉप घेण्याचं घाटतंय. जुने तीन, ३२ जीबीचे, कपाटात पडून आहेत. माझं म्हणणं, आधी त्यांच्या आतली मांडणी बदलून पाहू.

फाइल कुठे आणि कशी ठेवायची, याची मशीनची जी रीत असते ती फाइल सिस्टीम. फडताळ तेवढंच असतं, पण डबे नीट रचले की दुप्पट सामान मावतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात (आपल्या नगरचं कर्जत नव्हे) खैरात नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळेत २००७ साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यांत हार्ड डिस्क नव्हतीच. सगळा कारभार १ जीबी फ्लॅशवर! त्यावरची जेएफएफएस-२ ही फाइल सिस्टीम फाइल लिहितानाच ती दाबून लहान करायची. शिवाय फ्लॅशचा प्रत्येक भाग ठरावीक वेळाच पुसता येतो, म्हणून लिखाण सगळीकडे वाटून द्यायची. आपण ज्याला यतना म्हणतो, तीच ही.

आजच्या ३२ जीबी लॅपटॉपमध्ये झीज वाटून घेण्याचं काम चिप स्वतःच करते. आपण करायचं ते एवढंच: आधी कामाच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या, कारण नव्या मांडणीत जुनं सगळं पुसलं जातं. मग लिनक्स टाकताना बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम निवडायची आणि झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशन चालू करायचं. ते सुरुवातीलाच करा. आधी लिहिलेल्या फाइली आपोआप लहान होत नाहीत. 'नोएटाइम' हा पर्यायही द्या, म्हणजे नुसती फाइल वाचली तरी वेळ नोंदवायचं फुकटचं लिखाण थांबतं. आणि थोडी जागा कायम मोकळी ठेवा.

याने चमत्कार होत नाही. मजकूर आणि प्रोग्राम चांगले दबतात. फोटो आणि व्हिडिओ आधीच दाबलेले असतात, त्यांत काही वाचत नाही. प्रवचनांचे व्हिडिओ पेन ड्राइव्हवरच बरे. पण आपली मुलं तिथे करतात काय? स्तोत्रं टाइप करतात, प्रश्नपत्रिका सोडवतात. त्याला ३२ जीबी भरपूर झाले.

परिग्रह-परिमाण व्रतात आपण मर्यादा आधी ठरवतो आणि संसार तिच्यात बसवतो. सामान वाढलं म्हणून मर्यादा वाढवत नाही. मग मशीनच्या बाबतीत उलटं का वागायचं?

स्क्रीन गेली असेल, बोर्ड जळाला असेल, तर नवा घ्यावा, माझी ना नाही. पण कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे: एक लॅपटॉप असा तयार करून पंधरा दिवस मुलांच्या हाती द्या. नाहीच जमलं, तर नव्यासाठी पहिली वर्गणी माझी.