भोंग्यानंतरचे दोन तास

जबलपूरच्या कितीतरी मराठी घरांत कारखाना घरच्या माणसासारखा वावरला. १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, खमरियाचा दारूगोळा कारखाना, एकेकाळी शक्तिमान ट्रक बनवणारी व्हेईकल फॅक्टरी. मीही टर्नर होतो. आता निवृत्त आहे, म्हणून मनातलं स्पष्ट मांडतो.

१. ओव्हरटाइमला मर्यादा हवी, आणि ती आपणच घालायची. त्या पैशातून माझं घर उभं राहिलं, हे खरं. पण मुलीच्या एकाही गॅदरिंगला मी गेलो नाही. सक्ती कुणाचीच नव्हती; नावं लिहून घेताना हात मीच वर करत होतो.

२. याचा अर्थ काम कसंही उरकावं असा नाही. उस्तादांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं : मायक्रोमीटर आवळायचा नाही. रॅचेट टिक-टिक वाजलं की हात थांबवायचा, मग आकडा वाचायचा. आवळून घेतलेलं माप खोटं येतं. २०१९ मध्ये इथल्या धनुष तोफा सैन्याच्या हाती गेल्या, तेव्हा निवृत्त माणसांचेही डोळे भरून आले होते. पण १ ऑक्टोबर २०२१ ला देशातले ४१ आयुध कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले आणि फाटकांवरच्या पाट्या बदलल्या. पाटी हीच ज्यांची ओळख होती, त्यांना हे फार जड गेलं.

३. माझा खरा मुद्दा तलावांचा. राणीताल राणी दुर्गावतीचा, आधारताल तिच्या दिवाणाचा, चेरीताल तिच्या दासीचा, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. दासीच्या नावानं तलाव ओळखला जावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. तिच्याकडे ना सत्ता होती ना पगार, तरी नाव राहिलं ते पाण्यामुळे. आज राणीताल म्हटलं की स्टेडियम आठवतं आणि चेरीताल म्हटलं की वस्ती. तलावांसाठी कुणी बोलावलं की ‘माझी शिफ्ट आहे’ हे उत्तर मीही वर्षानुवर्षं दिलं. वॉर्डातल्या बैठकीला जायला माणूस नसेल, तर उरलेलं पाणी कोण राखणार? हनुमानताल, आधारताल अजून आहेत. भोंग्यानंतरचे आठवड्यातले दोन तास तरी या शहराचे समजा.

४. मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली. जाऊ द्या, त्यांना दोष नको. फक्त फोनवर पॅकेजआधी विचारा : संध्याकाळी घरी किती वाजता येतोस? शेजारी कोण राहतं?

५. निवृत्तांनो, पेन्शनच्या रांगेत आपण भेटतोच. पार्षदाकडेही असेच मिळून जाऊ. तलावात येणारं नाल्याचं पाणी कुठून शिरतं, ते मी वहीत उतरवून ठेवलंय. रविवारी सकाळी सातला मी हनुमानतालच्या घाटावर असतो. खराटा घरून आणा, माझ्याकडे एकच आहे.