मनाची ठेव

पैशाची ठेव बुडाली तर ती भरून देतां येते. मनाची ठेव एकदां फुटली, म्हणजे तिला भरपाई नाहीं. फिनलंडांतील ‘वास्तामो’ नामक मानसोपचार-संस्थेचा वृत्तान्त हेंच सांगतो. सुमारें ३३ हजार रुग्णांनीं तेथें आपल्या मनांतील शल्यें विश्वासानें उघडीं केलीं होतीं. त्यांचीं टिपणें संस्थेच्या संगणकांतून चोरीस गेलीं. इ. स. २०२० च्या ऑक्टोबरांत खंडणीची मागणी उघड झाली. संस्थेकडून पैसे मिळेनात, तेव्हां कित्येकांचीं गुपितें जगापुढें मांडण्यांत आलीं आणि एकेका रुग्णास ईमेल धाडून दोनशें युरो मागण्यांत आले. २०२१ च्या फेब्रुवारींत संस्थेचें दिवाळें निघालें.

या चोरीबद्दल २०२४ सालीं तेथील न्यायालयानें एका तरुणास सहा वर्षें तीन महिन्यांची शिक्षा सुनावली. परंतु चोराकडून विश्वासाची अपेक्षा कोण करतो? आमच्या मतें लोकांचें मन मोडलें तें रखवालदाराच्या मौनानें. अशी चोरी कळल्यापासून ७२ तासांच्या आंत अधिकाऱ्यांस वर्दी द्यावी, असा युरोपचा कायदा आहे. संस्थेस मार्च २०१९ मध्येंच चोरीची जाणीव झालेली असली पाहिजे, असें तेथील माहिती-रक्षण अधिकाऱ्यानें २०२१ सालीं ठरवून ६ लक्ष ८ हजार युरो दंड केला. मधल्या दीड वर्षांत रुग्ण मात्र निःशंकपणें तेथें येतच राहिले होते.

आपल्या घरांतील औषधोपचाराचे कागद, बँकेचीं खातीं, आधारच्या नकला यांचीही आतां हीच गत आहे. म्हणून यापुढें कोठेंच विश्वास टाकूं नये, असें कोणी म्हणेल. हा उपाय रोगाहून वाईट. मनानें खचलेल्या मनुष्यानें जावें, असें तें एक दारही त्यानें बंद होईल. विश्वास अवश्य ठेवावा, पण डोळसपणें. ही माहिती कशास हवी, किती दिवस राहील, चोरी झाल्यास आम्हांस कोण कळवील, हें निःसंकोच विचारावें. आपल्याकडील २०२३ च्या कायद्यांतही बाधित व्यक्तीस कळविण्याचें कलम आहे.

घरांतील वडीलधाऱ्यांस आमची आणखी एक विनंती आहे. एखाद्या मुलाचें वा सुनेचें गुपित असें कोणाच्या हातीं लागलें, तर त्यांस रागें भरूं नये. खंडणीखोराचें सारें बळ लज्जेंत असतें. घरांत तें दुःख बोलून टाकतां आलें, कीं त्याचें अर्धें बळ तेथेंच सरतें.