राजयक्ष्मा, थुंकी आणि आपली चिठ्ठी

चरकाचार्यांनी राजयक्ष्म्याची साहस, वेगसंधारण, क्षय व विषमाशन ही चार कारणे सांगितली. सुश्रुताचार्यांनी शोषाची गणना औपसर्गिक, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे संक्रमित होणाऱ्या रोगांत केली. या दोहोंत अनेकांना विरोध वाटतो. माझ्या मते पहिले विधान क्षेत्राचे आहे, दुसरे बीजाचे. त्या बीजाचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केला.

तथापि ग्रंथोक्त राजयक्ष्मा आणि फुप्फुसाचा क्षयरोग सर्वस्वी एक नव्हेत. अंसपार्श्वाभिताप, करपादसंताप व ज्वर ही त्रिरूपे अन्य व्याधींतही आढळतात. म्हणून केवळ नाडी व जिव्हा पाहून क्षयनिदान निश्चित करण्याचा आग्रह मला अमान्य आहे. क्ष-किरण चित्राने संशय बळावतो. पुरावा थुंकीतच मिळतो. सीबीनॅट वा ट्रूनॅट तपासणीत जंतूबरोबरच तो रिफॅम्पिसीनला दाद देतो की नाही, हेही कळते.

कोळवण खोऱ्यात भातलावणीच्या दिवसांत खोकला अंगावरच काढला जातो. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, म्हणून रुग्ण आधी जवळच्या वैद्याकडे येतो. दोन आठवडे लोटलेल्या खोकल्यास सितोपलादी देऊन आणखी महिना घालविणे म्हणजे घरातील लेकरांना संसर्ग वाटणे होय. त्याच दिवशी थुंकी तपासणीची चिठ्ठी द्यावी. निदान झालेल्या रुग्णाची नोंद शासनास कळविणे २०१२पासून खासगी व्यावसायिकांसही बंधनकारक आहे.

खरी कसोटी पुढेच लागते. पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने त्यांतील पायराझिनामाइड वगळून तीन. रिफॅम्पिसीनने मूत्र नारिंगी होते. रुग्ण घाबरून ‘उष्णता झाली’ म्हणत आपल्याकडे येतो. ‘गोळ्या गरम पडल्या, थांबवा’ हे आपले एक वाक्य त्याला औषधप्रतिरोधी क्षयाकडे ढकलू शकते. डोळे पिवळे झाले वा सतत ओकारी होऊ लागली, तर मात्र त्याला त्याच दिवशी उपचार देणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवावे. काविळीचा काढा देत बसू नये.

मग वैद्याने करावे काय? बृंहण. झारखंडातील रेशन्स अभ्यासात (२०२३) रुग्णाच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील नवा क्षय सुमारे ४० टक्क्यांनी घटला. शासनाचे पोषण साहाय्यही नोव्हेंबर २०२४पासून दरमहा १००० रुपये झाले आहे. ते दूध, अंडी, डाळ यांवरच खर्च होते का, हे घरच्या बाईला विचारणारा आपल्याहून जवळचा कोण? तीक्ष्ण शोधन टाळावे, क्षयी रुग्णाचा मल राखावा, हे तर शास्त्रच सांगते. आणि द्राक्षासव? त्यातील मद्यांश व या गोळ्या, दोहोंचा भार यकृतावरच पडतो. या सहा महिन्यांत आसवाऐवजी भिजवलेल्या मनुका द्याव्यात.