साथ नसतानाचे नमुने

पावसाने उघडीप दिली की ओपीडी तापाच्या रुग्णांनी भरते. मलेरिया निगेटिव्ह, डेंगी निगेटिव्ह. मग केसपेपरवर ‘व्हायरल’ लिहून आपण मोकळे होतो. या घाईत काय निसटते, ते चिकुनगुन्याच्या इतिहासात पाहावे.

१९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली. पुढे हा आजार देशात जवळपास दिसेनासा झाला. २०००मध्ये पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये पकडलेल्या एडिस इजिप्ती डासांतून शास्त्रज्ञांनी हा विषाणू वेगळा केला. २००५च्या अखेरीस साथ भडकली आणि २००६मध्ये देशात सुमारे १४ लाख संशयित रुग्ण नोंदले गेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने या साथीतल्या विषाणूंचे जनुक जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिले. बार्शीचा विषाणू आशियाई जनुकप्रकारातला निघाला, साथीतला आफ्रिकी. यवतच्या डासातलाही आफ्रिकीच! साथ यवतहून पसरली, असा याचा अर्थ नाही. पण पाहुणा पाच वर्षे आधीच उंबऱ्याच्या आत आला होता, हे नक्की.

जनुकप्रकार कळून दवाखान्यात काय फरक पडतो? गोळ्या त्याच राहतात, पण डासनियंत्रणाची दिशा बदलू शकते. ‘ई१’ प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाच्या बदलामुळे हा विषाणू एडिस अल्बोपिक्टस या दुसऱ्या जातीच्या डासात सहज वाढू लागला. तो बदल रियुनियन बेटावर दिसला, २००७मध्ये केरळातही. अल्बोपिक्टस झाडांच्या ढोलीत, बांबूच्या पेरात साचलेल्या पाण्यातही वाढतो. सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, कोयनानगरच्या आसपास अशा जागांना तोटा नाही. तिथे घरातली पिंपे कोरडी करून भागणार नाही.

शिवाय या तालुक्यातली कितीतरी माणसे मुंबईला कामाला असतात आणि गणपतीला, जत्रेला गावी येतात. म्हणून तपासणीला पाठवलेल्या रक्ताच्या नमुन्यासोबत आधारकार्डावरचा पत्ता पुरत नाही. ताप कोणत्या तारखेला आला, त्याआधीचे दोन आठवडे मुक्काम कुठे होता, वाडी कोणती, हे लिहिलेले हवे. ते नसेल तर प्रयोगशाळेत वाचलेला जनुकक्रम नकाशावर लावता येत नाही. रक्तही पहिल्या पाच दिवसांत घ्यावे आणि बर्फात पाठवावे. उशिरा घेतलेल्या रक्तात आयजीएम प्रतिपिंडे सापडतील, पण क्रम वाचण्याइतका विषाणू बहुधा उरलेला नसेल.

प्रत्येक तापाचा नमुना पाठवा, असे आमचे म्हणणे नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या निवडक आरोग्य केंद्रांनी साथ नसतानाही दरमहा मोजके नमुने पाठवावेत आणि प्रयोगशाळेने निष्कर्ष त्याच केंद्राला कळवावा. उत्तर आले, तरच पुढचा नमुना नीट भरून जाईल.