टेबलावर ‘तसलं काही’

जानेवारीत आमच्या गटाने एक नियम केला. जयपूरमध्ये सी-स्कीममधल्या एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर आम्ही सहा जण दर रविवारी दुपारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो. डिसेंबरपर्यंत सात होतो. नियम व्हॉट्सअ‍ॅपवर आला, इंग्रजीत, तीन शब्दांचा: ‘नो सेक्शुअल कंटेंट’. त्याखाली चार अंगठे उमटले. पाचवा माझा हवा होता, तो मी दिला नाही. का दिला नाही, हे कुणी विचारलं नाही. ‘दीदी ने देखा नहीं होगा’ असं गृहीत धरलं गेलं. मी पाहिलं होतं.

खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गोष्टीचं जग सांभाळतो, त्याला आम्ही डीएम म्हणतो. बाकीचे एकेक पात्र घेऊन बसतात आणि ते पात्र काय करतं, काय बोलतं हे तोंडाने सांगत जातात. जिथे शंका, तिथे वीस बाजूंचा फासा. संहिता नाही, प्रेक्षक नाहीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ छापला तेव्हा त्याची मुळं खेळण्यातल्या सैन्यांच्या लुटुपुटीच्या लढायांमध्ये होती. ते अजून दिसतं. तलवारीने किती इजा होते, कुऱ्हाडीने किती, याचे पानंच्या पानं नियम आहेत. दोन पात्रं एकमेकांवर जीव टाकायला लागली तर काय, यावर पुस्तक जवळजवळ मुकं.

आता डिसेंबरमध्ये काय झालं ते. आमची मोहीम एका काल्पनिक डोंगरी किल्ल्यात चालली होती, भोवती रणथंभोरसारखं जंगल. कायद्याचं शिक्षण घेणारी एक मुलगी आमच्यात होती. तिचं पात्र तलवारबाज. तिचा फासा वाईट पडला आणि पात्र दरोडेखोरांच्या हाती सापडलं. इथपर्यंत नेहमीचंच. मग डीएमने आवाज खाली आणला, हिंदीतून इंग्रजीत गेला, आणि सरदाराच्या खोलीत तिच्या पात्राचं काय होणार आहे ते तपशिलात सांगायला लागला. दोघे जण हसले. काय करावं हे न सुचून माणसं हसतात तसं, तोकडं. ती फाशाकडे बघत म्हणाली, ‘कॅन वी मूव्ह ऑन?’ तो म्हणाला, ‘बस एक मिनट, सीन तो पूरा होने दो.’ सीन पूर्ण झाला. मग त्याने शेजारच्याला विचारलं, ‘हाँ, तुम क्या कर रहे हो?’

मी कचोरी खात होते. टेबलावर वयाने सगळ्यांत मोठी, इतरांहून पंधरा-वीस वर्षांनी. तौलनिक साहित्यात एम.ए., वीस वर्षं अनुवादाचा धंदा, याहून कितीतरी भयानक प्रसंग शांत डोक्याने मराठीत आणलेले. मी एक शब्द बोलले नाही. पुढच्या रविवारी ती आली नाही. पंधरा दिवसांनी तिचा मला एकटीला निरोप आला: ‘दीदी, आप तो बोल सकती थीं.’

आणि मग नियम आला. तो लिहिला डीएमनेच.

माझं भांडण नेमकं इथे आहे. ज्याने आगळीक केली त्याने माफी मागितली नाही. त्याने विषयावर बंदी घातली आणि बाकीच्यांना हायसं वाटलं. जणू दोष कामवासनेचा होता, ती टेबलावर आगंतुकासारखी येऊन बसली, आता दार लावून घेतलं की झालं. घडलं होतं ते असं, की एकाने दुसरीचं पात्र तिला न विचारता वापरलं, आणि तिने थांब म्हटल्यावरही थांबला नाही. नवा नियम या दोन्ही गोष्टींबद्दल अवाक्षर काढत नाही. उद्या त्याने तिच्या पात्राच्या लहान भावाला तिच्यासमोर हालहाल करून मारलं, ती थांब म्हणाली आणि तो म्हणाला सीन पुरा होऊ दे, तर नियम मोडला जाणार नाही.

नियमाने कापलं काय, तेही बघा. आमच्यातल्या दोन मुलांची पात्रं, दोन्ही पुरुष, एक भाट आणि एक पळून आलेला शिपाई, चार महिने हळूहळू जवळ येत होती. पहाऱ्याच्या रात्री एकत्र मागून घेतलेल्या. एकाची जखम दुसऱ्याने बांधताना झालेलं, अर्धं वाक्यही पूर्ण न होणारं बोलणं. त्या दोघांच्या खऱ्या आयुष्याबद्दल मला काही माहीत नाही, आणि माहीत असण्याचं कारणही नाही. पण त्या टेबलावर मी ऐकलेलं सगळ्यांत चांगलं ‘लेखन’ ते होतं. नियमानंतरच्या रविवारी शिपायाने पहाऱ्याची वेगळी पाळी मागितली. दोघांनीही अंगठा दिलेला आहे. सगळ्यांत आधी त्यांनीच दिला.

‘पण मध्ययुगात बायकांचं असंच व्हायचं,’ हा युक्तिवाद मला नंतर ऐकवला गेला. इथे राजस्थानात तर त्याला जौहराची जोड मिळते. ठीक. आमच्या मध्ययुगात आगीचे लोळ सोडणारे सरडे उडतात. पोटात भाला गेलेला माणूस आठ तास झोपला की सकाळी ठणठणीत उठतो, हा छापील नियम आहे. पटकी नाही, गँगरीन नाही, दातदुखी नाही. या जगात वास्तववाद फक्त बाई सापडली की आठवत असेल, तर त्याला वास्तववाद म्हणू नका.

ही निवड आमच्या टेबलाने शोधून काढलेली नाही. या शहराने ती मोठ्या पडद्यावर केलेली आहे. जानेवारी २०१७ मध्ये जयगडावर ‘पद्मावती’चं चित्रीकरण चालू असताना करणी सेनेची माणसं घुसली, सेटची मोडतोड केली, संजय लीला भन्साळींना मारहाण केली. कशावरून? खिलजीला पद्मिनीचं स्वप्न पडतं आणि त्या स्वप्नात प्रेमप्रसंग आहे, अशा अफवेवरून. असा प्रसंग नाही, असं निर्माते सांगत राहिले. पुढच्या वर्षी ‘पद्मावत’ नावाने तो चित्रपट आला आणि संपला तो बायकांनी रांगेने आगीत जाण्याच्या लांबलचक, देखण्या दृश्यावर. त्या दृश्यासाठी कुणी सेट जाळला नाही. काल्पनिक राणीने काल्पनिक स्वप्नात खिलजीला जवळ करणं हा अपमान, आणि तिने जळून जाणं हा सन्मान. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तीन शब्दांना ही परंपरा माहीत नसेल, पण ते तिच्यातलेच आहेत.

मराठी वाचकांपैकी काहींना वाटेल, आपण याच्या पलीकडे गेलो आहोत. र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’बद्दल खटला झाला तेव्हा, १९३४ मध्ये, डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. ‘सखाराम बाइंडर’साठी कमलाकर सारंग हायकोर्टात गेले. हे सगळं मलाही अभिमानाने सांगावंसं वाटतं. पण या लढाया आमच्या टेबलावर अर्ध्याच कामाच्या आहेत. अश्लीलतेचा कायदा मजकुराकडे बघतो आणि विचारतो, हे ज्याच्या हाती पडेल त्याच्या मनावर काय परिणाम होईल? त्याला एक वस्तू लागते आणि दूर बसलेला वाचक लागतो. पुस्तक मिटता येतं. नाटकातून उठून जाता येतं, आणि नटीने संहिता आधी वाचलेली असते, तालमी झालेल्या असतात. टेबलावर तुम्हीच नट, तुम्हीच लेखक, आणि पुढचं वाक्य काय येणार हे कुणालाच माहीत नाही. तुमचं पात्र ‘मी’ म्हणून बोलतं, तुमच्याच घशातून.

त्यामुळे गटात अजून एक आवाज आहे, तोही मला मान्य नाही. तो म्हणतो, कला आहे, कलेत सगळं चालतं; दीदी, तुम्ही तर साहित्यवाल्या. हो, साहित्यवाली आहे, म्हणूनच सांगते. लेखकाचं स्वातंत्र्य म्हणजे स्वतःच्या पात्रांवरचं स्वातंत्र्य. समोर बसलेली मुलगी तुझं पात्र नाही, सहलेखिका आहे. सभापर्वात फासे पडल्यावर द्रौपदीने जे विचारलं, त्यात हे सभ्य की असभ्य असा प्रश्नच नव्हता. आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का, एवढंच तिने विचारलं. मोठमोठे जाणकार बसले होते. उत्तर आलं नाही. कचोरी कोण खात होतं ते व्यासांनी लिहिलेलं नाही.

खेळ बनवणाऱ्यांनाही हे कळायला वेळ लागला. १९७९च्या डीएमसाठीच्या पुस्तकात, शहरात रात्री कोणत्या प्रकारची वेश्या भेटेल हे फाशाने ठरवण्याचा तक्ता आहे. आठ-दहा जुने इंग्रजी शब्द, अनुवादकाला मेजवानी, बाकी शून्य. २००३ मध्ये एका छोट्या कंपनीने या खेळासाठी शृंगारावर अख्खं पुस्तक काढलं, तेव्हा मूळ खेळाच्या मालकांनी परवान्याच्या अटी बदलून आपलं चिन्ह त्यावर लागू दिलं नाही. त्याच वर्षी रॉन एडवर्ड्स या खेळकर्त्याने आपल्या एका पुस्तकात साधी गोष्ट मांडली: काही रेषा ओलांडायच्या नाहीत, आणि काही गोष्टी घडतील पण पडद्याआड. कुठे काय, ते टेबलावरच्या माणसांनी आधी ठरवायचं. २०१३ मध्ये जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी टेबलाच्या मधोमध एक फुली मारलेलं कार्ड ठेवायला सांगितलं. कुणीही त्याला हात लावला की प्रसंग थांबतो, कारण द्यावं लागत नाही. आणि २०१२ पासून ॲव्हरी आल्डर यांचा ‘मॉन्स्टरहार्ट्स’ आहे, ज्यात तरुण राक्षसांपैकी तुमचा राक्षस कुणाकडे ओढला जाईल हे तुमच्या हातात नसतं, फासा सांगतो. वाचताना मी दचकले होते. पण ते घडतं कारण तसं घडेल हे माहीत असूनच सगळे बसलेले असतात. स्वतःला न सुचलेली ओढ आपल्या पात्रात सापडणं, हे कादंबरी वाचूनही मला फार थोड्या वेळा मिळालं आहे.

आमच्याकडे रेषा आणि पडदा आधी का ठरले नाहीत? माझं उत्तर अनुवादकाचं आहे: आमच्याकडे ते ठरवायला भाषा नव्हती. आमच्या टेबलावर मारामारी हिंदीत होते. सौदेबाजी हिंदीत, विनोद ढूंढाडीत. शरीर आलं की सगळे इंग्रजीत जातात, चपला काढून देवळात जावं तसे. मराठीत माझी रोजची अडचण तीच आहे. एका बाजूला ‘संभोग’, दवाखान्यातल्या तक्त्यासारखा. दुसऱ्या बाजूला शिवी. मधे ‘तसलं काही’. ज्या गोष्टीला ‘तसलं काही’ म्हणायचं, तिच्यातलं कुठलं चालेल आणि कुठलं नाही हे कसं सांगणार? ती मुलगीसुद्धा ‘मूव्ह ऑन’ म्हणाली. ‘रुको’ म्हणायला तिला आमच्यापैकी कुणी जागा ठेवली नव्हती. बंदीमुळे ही जागा आणखी आक्रसते, कारण आता तो शब्द काढणंही नियमाबाहेर.

आणि हे दारिद्र्य वारशाने आलेलं नाही. मी सध्या बिहारीच्या ‘सतसई’तले दोहे मराठीत आणते आहे. बिहारी इथलाच, आमेरच्या दरबारातला, मिर्झाराजे जयसिंगांच्या पदरी. आपल्याला जयसिंग माहीत ते १६६५च्या पुरंदरच्या तहापुरते. किल्ले घेऊन गेलेला माणूस. त्याच माणसाच्या दरबारातल्या दोह्यांवर हालाच्या ‘गाथासप्तशती’ची दाट छाया आहे, म्हणजे महाराष्ट्री प्राकृताची, म्हणजे लांबच्या नात्याने आपलीच. गाथांमध्ये बाई स्वतः बोलते. वाटसरूला सुचवते, सखीला सांगते, नवऱ्याला टाळते, नको त्याला नको म्हणते, आणि हे सगळं दोन ओळींत, शेतातली आणि घरातली भाषा वापरून. जोगळेकरांची १९५६ची आवृत्ती माझ्या टेबलावर सदैव उघडी असते. होकार आणि नकार या दोन्हींसाठी इतके बारीक शब्द असलेल्या भाषेच्या वारसांनी अंगठ्याने काम भागवावं?

एक गोष्ट मी बिनशर्त देते. टेबलावर शाळकरी मुलं असतील तर हा सगळा विषय बाहेर, चर्चा नाही. अनोळखी माणसांबरोबरचा एका दुपारचा खेळ असेल तरीही. आमच्या गटात सगळ्यांत लहान खेळाडू तेवीस वर्षांचा आहे आणि आम्ही दोन वर्षं एकत्र बसतो आहोत.

मागच्या आठवड्यात मी गटावर लिहिलं की अंगठा का दिला नाही. सोबत एक कागद पाठवला, हिंदीत, तीन रकान्यांचा: चलेगा, परदे के पीछे, नहीं. प्रत्येकाने आपापला भरायचा, डीएमने सगळ्यांत आधी, आणि रकाना कधीही बदलता येईल. डीएमला वेगळं लिहिलं की त्या मुलीची माफी त्याने मागायची आहे, गटाची नाही. माझी मी मागितली. भाटाने कागद भरून पाठवला आहे. शिपायाने अजून नाही. डीएमने ‘सोचता हूँ’ लिहिलं आहे.

तिलाही कागद पाठवला होता. दोन दिवसांनी उत्तर आलं. कागदाबद्दल काही नव्हतं. तिने विचारलं होतं की तिच्या पात्राला त्या किल्ल्यातून कुणी सोडवलं का, की ते अजून तिथेच आहे. मी वहीत पाहिलं. आम्ही पुढच्याच रविवारी वेशीतून बाहेर पडलो होतो, आणि तिला आणायला परत जाण्याचं कुणाच्याही मनात आलं नव्हतं.